गाडीला आधी थांबायला शिकवा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मारुती झेन बाजारात आली १९९३ साली आणि २००६ साली ती बंद झाली. पुढे त्याच नावाला 'एस्टिलो' जोडून कंपनीने एक वेगळीच गाडी विकली, पण जाणकार तिला झेन मानत नाहीत. मूळ झेन अंगाने गोल, उंचीने ठेंगणी आणि वजनाने साडेसातशे किलोच्या आसपास. हीच गाडी 'सुझुकी ऑल्टो' या नावाने युरोपात जात असे. पोटात ९९३ सी.सी.चं चार सिलिंडरांचं अॅल्युमिनियमचं इंजिन. सुरुवातीच्या कार्बोरेटरच्या गाडीत त्याची ताकद ५० अश्वशक्ती होती, एमपीएफआय आल्यावर ती ६० झाली. आजच्या हिशेबात हा आकडा किरकोळ आहे. पण गाडी इतकी हलकी की ६० घोडे तिला पुरून उरतात. त्यामुळे सदर, जाफरनगर, मानकापूर, कामठी रोड, कुठेही जा, एखादी वीस-पंचवीस वर्षांची झेन रुंद टायर घालून, सायलेन्सर घुमवत जाताना दिसते. चालवणारा सहसा तिच्याहून वयाने लहान असतो.

कवितेच्या माणसाला या विषयावर बोलावलं, याचं काहींना नवल वाटेल. माझ्या भाच्याने २००१ची एक झेन घेतली आणि तिला 'बनवायचं' ठरवलं. रोज कॉलेजला न्यायची आणि वर्षातून एक-दोनदा खऱ्या ट्रॅकवर पळवायची, असा त्याचा बेत. हाताशी पन्नास हजार रुपये. त्यातले निम्मे माझ्या बहिणीने भिशीतून दिलेले. म्हणून हिशेब तपासायला मामाला बसवलं. मोमिनपुऱ्यातल्या एका गॅरेजात आमच्या बऱ्याच बैठका झाल्या. तिथल्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणतात. भाच्याने खर्चाची यादी पुढे ठेवली. पहिल्या ओळीत इंजिन, दुसऱ्या ओळीत सायलेन्सर, तिसऱ्या ओळीत अलॉय व्हील. उस्तादांनी कागद उलटा केला आणि म्हणाले, "बेटा, भागना तो ये जानती है. पहले रुकना सिखा."

या वाक्यामागे सरळ पदार्थविज्ञान आहे. गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ताशी ६० किलोमीटरवर ब्रेकला जेवढं काम पडतं, त्याच्या चौपट १२० वर पडतं. आता ही ऊर्जा जाते कुठे? तिची उष्णता होते. चालकासह साडेआठशे किलोची झेन ताशी १०० वरून पूर्ण थांबवली, तर जी उष्णता तयार होते तिने लिटरभर पाण्याला उकळी येईल. म्हणजे एका ब्रेकमध्ये दहा कप चहाचं आधण! रस्त्यावर असा ब्रेक क्वचित लागतो, मग डिस्कला निवायला वेळ मिळतो. ट्रॅकवर एका फेरीत पाच-सहा वळणांआधी जोरात ब्रेक दाबावा लागतो आणि लगेच दुसरी फेरी सुरू होते. उष्णता साचत जाते. ती पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि कॅलिपरमधून ब्रेक ऑइलमध्ये उतरते.

ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो, ते खरं तर तेल नव्हे. ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट-३ जातीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शिरली की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पॅडल सरळ तळाला जातं आणि गाडी पळतच राहते. वीस वर्षांच्या गाडीत बहुधा कुणीच हे ऑइल बदललेलं नसतं. वर्षा-दोन वर्षांनी ते पूर्ण काढून नवं भरणं, ही सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे. सोबत चाकाजवळच्या रबरी नळ्या, मास्टर सिलिंडर, मागच्या ड्रमचे व्हील सिलिंडर आणि लायनर. यांतली एकही वस्तू गाडी उभी असताना दिसत नाही. म्हणूनच पोरांना त्यावर पैसे घालवणं जिवावर येतं.

हा क्रम एकट्या उस्तादांचा नाही. इंग्लंडची मिनी १९५९ साली आली तेव्हा तिचं इंजिन होतं ८४८ सी.सी. आणि ताकद ३४ अश्वशक्ती. जॉन कूपरला तिच्यात शर्यतीची गाडी दिसली. १९६१च्या मिनी कूपरमध्ये इंजिन ९९७ सी.सी.चं झालं, ताकद ५५ वर गेली आणि त्याच वेळी पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक आले. तिच्याच पुढच्या, अधिक ताकदीच्या आवृत्तीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लो रॅली जिंकली. आज तिचं इंजिन लोकांना आठवतं, डिस्क कुणाला आठवत नाही.

आपल्याकडेही छोट्या गाडीच्या इंजिनाने मोठं काम केलं आहे. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८००चं इंजिन वापरून एका आसनाची शर्यतीची गाडी घडवली आणि १९८८च्या सुमाराला 'फॉर्म्युला मारुती' सुरू झाली. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेल्या नारायण कार्तिकेयनची पहिली शर्यत याच गाड्यांची. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले. कोइम्बतूरजवळचा 'करी मोटर स्पीडवे' त्यांच्या नावाने आहे. आमच्या भाच्याचं स्वप्न त्या ट्रॅकचं.

आता टायर. गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार तळहातांएवढ्या जागेत. वेग, ब्रेक, वळण, सगळं त्या चार तळहातांवर. टायरवर '१६५/६५ आर १३' असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १०७ मिलिमीटर. शेवटचा रिमचा व्यास, १३ इंच. नवा टायर घेताना बाहेरचा एकूण व्यास मूळ टायरच्या जवळपास राहिला पाहिजे, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलू लागतो आणि टायर मडगार्डला घासतो. दुकानदार १५ इंची अलॉय आणि पट्टीएवढा पातळ टायर दाखवतो. फोटोत छान दिसतो, पण आपल्या गल्लीतल्या खड्ड्यात रिम वाकते. त्यापेक्षा टायरचं वय बघा. बाजूवर चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं, आणि कडक रबर पकडत नाही. नागपूरच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर लवकर म्हातारे होतात. समृद्धी महामार्गाच्या लांबलचक काँक्रीटवर जुना किंवा कमी हवेचा टायर फुटतो, त्यामागे तापलेलं रबर असतं.

टायरच्या वर सस्पेन्शन. पोरांना गाडी खाली बसलेली आवडते. त्यासाठी सर्रास होणारा प्रकार म्हणजे कॉइल स्प्रिंगचे एक-दोन वेढे ग्राइंडरने कापून टाकणे. खर्च शंभर-दोनशे रुपये. पण स्प्रिंगचे वेढे कमी झाले की ती कडक होते. शॉकअॅब्सॉर्बर मात्र जुन्याच, मऊ स्प्रिंगच्या मापाचा असतो. तो तिला आवरू शकत नाही. गाडी उड्या मारते, आणि उडालेलं चाक ना वळू शकतं ना थांबू शकतं. शिवाय कापलेलं टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही.

इथे मला माझा धंदा आठवला. सुरेश भटांच्या या शहरात गझलेचं तंत्र समजावून सांगायला नको. एका मिसऱ्यात दोन मात्रा वाढवल्या की साऱ्या गझलेचा तोल जातो. स्प्रिंग बदलली तर शॉकअॅब्सॉर्बर बदला, दोन्ही बदलले तर चाकांचं अलाइनमेंट नव्याने करा. मी हे म्हटल्यावर भाचा म्हणाला, "मामू, हे तुम्ही मुशायऱ्यात सांगा." उस्ताद मात्र मान डोलावत होते.

खरं सांगायचं तर पंचविशीतल्या गाडीच्या बाबतीत अर्धं मॉडिफिकेशन म्हणजे निव्वळ दुरुस्ती असते. रबरी बुश चुरा झालेले असतात, इंजिनाचे माउंटिंग बसलेले, बॉल जॉइंट सैल, स्टिअरिंगमध्ये बोटभर खेळ. हे सगळं कंपनीच्या मापाने नवं केलं की मालकाला वाटतं, ही गाडी आपण कधी चालवलीच नव्हती. गंजाकडे विशेष पाहावं. सीटबेल्टचे बोल्ट ज्या पत्र्यात बसतात तो पत्रा, सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं त्या जागा, आणि पायाखालची जमीन. वर चकचकीत पेंटिंग आणि खाली पापडासारखा पत्रा असलेली गाडी ट्रॅकवरच काय, वर्धा रोडवरही नेऊ नये. भाच्याच्या झेनमध्ये चालकाच्या पायाखाली हातभर पत्रा गेलेला निघाला. वेल्डिंगवाल्याला दोन दिवस लागले.

मग इंजिन. इंजिन हे हवेचं यंत्र आहे. जितकी हवा आत, तितकं पेट्रोल जळणार आणि तितकी ताकद मिळणार. म्हणून पोरं आधी मूळ फिल्टरचा डबा काढून उघडा शंकूसारखा फिल्टर लावतात. सूं सूं आवाज येतो, छाती फुगते. पण तो शंकू बोनेटखालची हवा ओढतो. हवा तापली की विरळ होते. २५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे सहा टक्क्यांनी हलकी असते. म्हणजे आपल्या नवतपात प्रत्येक गाडी आधीच काही घोडे गमावून बसलेली असते. त्यात बोनेटखालची हवा बाहेरच्या हवेहून कितीतरी गरम. मूळ डब्याची नळी पुढच्या बाजूने बाहेरची हवा घेते. सुझुकीच्या इंजिनिअरने ती तिथे उगीच ठेवलेली नाही. स्वच्छ कागदी फिल्टर आणि शाबूत नळी, नागपुरात याहून चांगलं काही नाही. रेडिएटर मात्र उघडून साफ करवून घ्यावा, थर्मोस्टॅट आणि पंखा तपासावा. आपल्याकडे इंजिन मरतं ते बहुतेक उष्णतेनेच.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. साधं पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेला मिश्र पेट्रोल जास्त द्यायला हवं. एमपीएफआयमध्ये ऑक्सिजन सेन्सर असेल आणि तो धड असेल तर संगणक मात्रा सावरून घेतो. जुना कार्बोरेटर बिचारा जेवढं पूर्वी देत होता तेवढंच देतो. मिश्रण विरळ होतं, इंजिन अडखळतं, तापतं. त्याचा जेट बदलावा लागतो. शिवाय इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात. गरम सायलेन्सरजवळून पाझरणारी नळी म्हणजे काय, हे सांगायला नको.

यापुढचं पाऊल म्हणजे इंजिनच बदलणं. झेनचं इंजिन आणि एस्टीमचं १२९८ सी.सी.चं इंजिन एकाच घराण्यातलं. एमपीएफआय एस्टीमची ताकद ८५ अश्वशक्ती. त्यामुळे झेनमध्ये एस्टीमचं इंजिन बसवणं हा आपल्याकडचा गाजलेला प्रयोग आहे. मोडीतलं इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग आणि संगणक एकाच गाडीतून उचलला तर काम जमतं. भाच्याचा सगळा जीव यात अडकला होता. उस्तादांनी हे काम आयुष्यात केलेलं आहे आणि ते उत्तम करतात. तरीही त्यांनी हात वर केले. कारण कायदा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. सीएनजी किट किंवा दिव्यांगांसाठी केलेला बदल यांना परवानगीची वाट आहे, शौकाला नाही. झेन पंधरा वर्षांच्या पुढची असल्याने तिची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. तेव्हा आरटीओचा निरीक्षक इंजिन नंबर आणि चासी नंबर पाहतो. दुसरं इंजिन निघालं तर गाडी तिथेच अडकते. दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची. कंपनीला न कळवता बदल केलेला असेल तर अपघातानंतर दाव्यावरून वाद होतो. आणि पॉलिसीच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की शर्यत, वेगाची चाचणी यांसाठी वापरलेल्या गाडीला हा विमा लागू नाही. ट्रॅकवर जाताना आपलं नुकसान आपल्यालाच सोसायचं आहे, हे घरातल्या मोठ्यांना आधी सांगून ठेवावं. आम्ही बहिणीला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, निदान रात्री रिंग रोडवर जाणार नाही ना?

तिच्या प्रश्नात सगळं आलं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा सापडलं तर जास्त. पण प्रश्न कलमाचा नाहीच. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला, जून २०२५ मध्ये मुंबईकडचा शेवटचा टप्पा जोडला गेला. ७०१ किलोमीटर, मोटारीला ताशी १२० ची मर्यादा. अनेक पोरांना तोच ट्रॅक वाटतो. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. वळणाबाहेर मोकळी जागा असते, झेंडा दाखवणारी माणसं असतात, रुग्णवाहिका उभी असते. महामार्गावर पुढे बंद पडलेला ट्रक असू शकतो, आणि विदर्भात कुठल्याही रस्त्यावर रोही आडवा येतो. दोनशे किलोंचा तो प्राणी थेट काचेतून आत येतो.

अडचण अशी की नागपूरहून ट्रॅक लांब. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ज्याला आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात, आणि ग्रेटर नोएडाचं २०११ साली सुरू झालेलं बुद्ध सर्किट, दोन्ही हजार किलोमीटरच्या वर. कोइम्बतूर त्याहून पुढे. म्हणजे ज्या गाडीने ट्रॅकवर पळायचं, तिलाच तिथवर रस्त्याने जायचं आणि यायचं आहे. इथेच या दुहेरी गाडीचा खरा पेच आहे. ट्रॅकला जे चांगलं, ते रस्त्यावर पुष्कळदा वाईट असतं. शर्यतीचे ब्रेक पॅड तापल्यावरच धरतात. सकाळी थंड गाडी घेऊन निघालात आणि पहिल्याच चौकात शाळेची पोरं आडवी आली, तर साधा पॅड त्याच्याहून लवकर थांबवतो. ट्रॅकचा मऊ, कमी नक्षीचा टायर पावसात पाण्यावर तरंगतो. छतालगतचा लोखंडी रोल केज गाडी उलटली तर जीव वाचवतो, पण तो डोक्यावर हेल्मेट आहे असं धरून बनवलेला असतो. रोजच्या रस्त्यावर, हेल्मेटशिवाय, किरकोळ धडकेतही तोच पाइप कपाळात बसतो. म्हणून रस्त्याच्या गाडीत केज नको. आणि केज नाही म्हणून ट्रॅकवर चाकाला चाक लावून शर्यत नको. एकट्याने घड्याळाशी स्पर्धा करायची, ज्याला टाइम ट्रायल किंवा ट्रॅक डे म्हणतात, तेवढंच. शर्यतीसाठी एफएमएससीआयचा परवाना, वेगळी गाडी आणि वेगळा पैसा लागतो.

शेवटी भाच्याच्या यादीत इंजिन राहिलं नाही. ब्रेक पूर्ण नवे, डॉट-४ ऑइल, चार चांगले टायर, मूळ मापाचे नवे शॉकअॅब्सॉर्बर आणि बुश, पत्रा, पेट्रोलच्या नळ्या, रेडिएटर. घोडे ६०चे ६०. पन्नास हजारांतले दीड हजार उरले, त्यात हेल्मेट येईना म्हणून ते मी घेऊन दिलं. सायलेन्सर तोच, कंपनीचा. त्याबद्दल मोहल्ल्याच्या वतीने मी त्याचे आभार मानले.

ट्रॅकवर जाण्याच्या दिवसासाठी उस्तादांनी काही गोष्टी तोंडपाठ करवून घेतल्या आहेत. स्टेपनी, जॅक, पाण्याची बाटली, मॅट, सगळं बाहेर काढायचं, सुटी वस्तू ब्रेकखाली गेली तर पॅडल दबत नाही. चाकांचे नट पान्याने पुन्हा आवळायचे. पहिली फेरी सावकाश, टायर आणि ब्रेक तापायला. जोराच्या तीन-चार फेऱ्या झाल्या की एक फेरी ब्रेक न दाबता, वाऱ्यावर निववत आणायची. पॅडल थोडंही मऊ लागलं तर लगेच आत. आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेला ड्रम निवताना आकसतो आणि लायनरला धरून बसतो. पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, चाकामागे लाकडाचा ठोकळा लावायचा. ठोकळा उस्तादांनी स्वतः कापून डिक्कीत टाकला आहे.